थोरल्याचं मॉडेल

४ सप्टेंबर

धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली लिहायची असते. ती शेवटी लिहीन, जागा उरली तर. आधी कामाचं.

थोरल्याचं मॉडेल कोणतं?

परवा आईने शेडचं दार उघडायला लावलं. बाबा गेल्यापासून तो लाल ट्रॅक्टर तिथेच उभा आहे. टायर बसलेत आणि सीटच्या खोलगट पत्र्यात मांजरीने संसार थाटलाय. मला एकदम बाबांचा आवाज ऐकू आला: "तुमचा थोरला भाऊ बघा! कमी खातो, जास्त राबतो, उलटून बोलत नाही." उलटून बोलण्याचा टोमणा मला असायचा, जास्त खाण्याचा तुला. आपल्या दोघांच्या आधी घरात आलेला तो, म्हणून थोरला. मी ताई असूनही दुसऱ्या नंबरची. माझ्या आयुष्यातला हा पहिला अन्याय.

पान्याला बोलावलं. तोच, नाक्यावरचा गॅरेजवाला. डोक्यावरचे केस गेले, पण खिशातला पाना गेला नाही, म्हणून नावही गेलं नाही. त्याने हँडल लावून पाहिलं आणि म्हणाला, "इंजिन फिरतंय ताई, म्हणजे जीव आहे. पण हेड गॅस्केट गेलंय, तेलात पाणी उतरलंय. क्लच प्लेट झिजून पापुद्रा झालीय. दोन वस्तू आणा, मी उभा करतो."

"उभा तर आहेच," आई म्हणाली. "चालता कर."

मी शहरातल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानदाराला लिहिलं. त्याचं उलट टपाली उत्तर आलं: मॉडेल कळवा. म्हणजे गाडी पुन्हा त्याच खड्ड्यात अडकली, जिथे मागच्या वेळी अडकली होती.

मागच्या वेळी जुनी यंत्रं जमवणारा तो टोपीवाला गृहस्थ आपल्या पायरीवर उभा राहून हेच विचारत होता. बाबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. पुढच्या जाळीवरची कंपनीची पट्टी कधीच पडलेली, तिथे फक्त दोन भोकं. मी म्हणाले, "बावीस." तू त्याच श्वासात म्हणालास, "तीस." पुढचं लिहीत नाही. टोपीवाला टोपी घालून गेला. तू पुढच्या आठवड्यात गेलास. "तुझ्यापुढे बोलून उपयोग काय," हे या घरातलं तुझं शेवटचं पुरं वाक्य. त्यानंतर वर्षाकाठी दोन ओळी, त्याही बंदराच्या शिक्क्याखाली दबलेल्या.

आता कशासाठी उकरतेस, असं विचारशील. आईला तो सुरू झालेला ऐकायचाय. थंडी संपायच्या आत. म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काही नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं "हं" म्हणतोस, आणि तेवढं ऐकायला मी एवढ्या लांबवर कान लावून बसणार नाही. लिही.

आई बरी आहे. मी बरी आहे. बघ, जागा उरली.

ताई


२३ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं पत्र आलं. पत्र म्हणायचं म्हणून म्हणते. "तीस. तेव्हाही सांगितलं होतं." चार शब्द, त्यातले तीन टोमण्याचे. तिकिटाला तरी लाजायचंस.

तू बोटीच्या इंजिनांचा डॉक्टर असशील, पण तुझं "सांगितलं होतं" हा पुरावा नाही. मी पुरावे देते. बावीस नंबरच्या मॉडेलला ब्रेकची पावलं, म्हणजे पेडलं, दोन बाजूंना असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. तीसला दोन्ही उजवीकडे. हे मी दुकानदाराच्या चित्रातून ताडून घेतलं. आपल्या थोरल्याला दोन बाजूंना आहेत, शेडमध्ये जाऊन पाहिलं. सीट भोकाभोकांची, तीही बावीसची. आणि शेवटचा घाव ऐक: बावीस कारखान्यातून राखाडी रंगात निघायचा, तीस निळ्या. मी बाबांच्या जुन्या पात्याने मागच्या चाकाच्या मडगार्डवरचा लाल रंग खरवडला. खाली काय निघालं? राखाडी! आई शेजारी उभी होती. तिला दाखवलं. ती म्हणाली, "हो, राखाडीच होता तो." घे. साक्षीदारासकट.

तू म्हणशील, ट्रॅक्टरच्या नंबरासाठी एवढा आवेश कशाला. तुला माहीत आहे मी कशासाठी बोलत आले. कागद नाहीत म्हणून ज्यांना रांगेतून बाहेर काढलं, नाव नोंदलं नाही म्हणून ज्यांच्या घामाचा दाम बुडाला, त्यांच्या बाजूने मी गिरणीच्या फाटकावर उभी राहिले, धरणाच्या भिंतीवर उभी राहिले. ज्याची ओळख पटत नाही त्याला जग भंगार म्हणतं. माणसाचं तेच, यंत्राचं तेच. माझ्या थोरल्या भावाला मी बिनओळखीचा मरू देणार नाही.

बावीसचं हेड गॅस्केट मागवलंय. आलं की तुला बसलेलं गॅस्केट आणि उठलेला ट्रॅक्टर, दोन्ही कळवीन. तेव्हा मात्र चारपेक्षा जास्त शब्द लागतील. आत्तापासून जमवायला लाग.

ताई


१५ ऑक्टोबर

धाकट्या,

गॅस्केट आलं. बसलं नाही.

पान्याने ते हेडवर ठेवलं, फिरवून ठेवलं, उलटं ठेवलं. सिलिंडरची भोकं सिलिंडरवर येईनात, पाण्याच्या वाटा बंद होऊ लागल्या. मग त्याने ते तोंडासमोर धरलं, एका भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, ही टोपी दुसऱ्याच डोक्याची."

हस. पोट धरून हस. मी स्वतःही हसले, पण उशिरा, चहा गार झाल्यावर. रंगावरून कोणाची पारख करू नका, हे मी किती सभांतून ओरडून सांगितलं असेल! लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी दगड मारले, पण कोणी म्हटलं नाही की बाई, हे तुम्ही स्वतः पाळता का. आणि मी काय केलं? घरातल्या घरात, मडगार्डचा बोटभर रंग खरवडला आणि एवढ्या मोठ्या धुडाची जात ठरवून मोकळी झाले.

पान्याने जाता जाता मीठ चोळलंच. "ताई, तुम्ही बोलत असतात ना, तर हे गॅस्केट भीतीने बसलं असतं."

हे वाक्य लिहायचं नव्हतं, पण लिहिलं आता. खोडणार नाही, खोडाखोड केलेलं पत्र बाबांना आवडायचं नाही. तर ऐक. मला बोलायला बंदी आहे. घशात गाठ आली होती, साधी होती, काढली. डॉक्टर तरुण आहे, माझ्या एका सभेत लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून आलेला. म्हणाला, "बाई, तुम्ही हा गळा आयुष्यभर भोंग्यासारखा वापरलात. आता मी सांगेपर्यंत एक शब्दही नाही. कुजबूजसुद्धा नाही." मी वाद घालायला तोंड उघडलं आणि त्याने बोट वर केलं. इतक्या वर्षांत माझ्यापुढे बोट वर करून जिंकलेला तो पहिला माणूस.

तर मी पाटीवर लिहून बोलते. शाळेतली पाटी, लाकडी चौकटीची. गावात फार शांतता झाली आहे म्हणे. पान्या म्हणतो, नाक्यावरची कुत्रीसुद्धा आता दुपारी निवांत झोपतात.

आणि आईला पाटीच बरी पडते. कारण तिला कमी ऐकू येतं. डावा कान गेलाच आहे. उजवा जातो आहे. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, थंडी संपेपर्यंत तोही टिकला तर टिकला. यंत्र लावून उपयोग नाही, आतली नसच सुकते आहे. मागच्या पत्रात मी हट्ट म्हणाले. तो हट्ट नाही. ती म्हणाली, "पाखरं गेली, तुझी भाषणं गेली, त्याचं काही वाटत नाही. थोरल्याचा आवाज एकदा कानात भरून घेते, मग दार लागलं तरी चालेल."

म्हणजे आपल्या घरात सध्या एकीला बोलता येत नाही आणि दुसरीला ऐकू येत नाही. संसार उत्तम चाललाय. भांडण नाही.

दुकानदाराला आता तीसचं गॅस्केट आणि तीसचीच क्लच प्लेट पाठवायला लिहिलंय. तुझ्या शब्दावर. खूश?

ताई


६ नोव्हेंबर

धाकट्या,

तीसचं गॅस्केट बसलं. टाचणीएवढीही फट नाही. पान्याने हेड आवळलं, रेडिएटरमध्ये पाणी भरलं, आम्ही दोन दिवस वाट पाहिली, तेलात थेंब उतरला नाही. तेव्हा मी पाटीवर मोठ्या अक्षरांत "तीस" लिहिलं आणि पाटी तशीच कोनाड्यात ठेवली, तुझ्या फोटोशेजारी. आईने बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, हरलीस?" तिचा आवाज हल्ली फार मोठा झाला आहे, स्वतःचा तिला ऐकू येत नाही ना. शेजारच्या तीन घरांना कळलं मी हरले ते.

पण थांब. पाटी पुसली आहे.

काल पान्याने ट्रॅक्टर मधोमध उघडला. पुढचा अर्धा एका ठोकळ्यावर, मागचा दुसऱ्यावर, जसे कणीस मोडून दोन तुकडे करावेत. तीसची नवी प्लेट इंजिनाच्या चाकाला अंगठीसारखी बसली. पण तिच्या मधल्या भोकाचे दाते गियरच्या दांड्यावर जाईनात. दांडा जाड, दाते मोठे. पान्याने जोर केला, शिवी दिली, मग माझ्याकडे बघून शिवी परत घेतली.

म्हणजे तुझं तीसही चुकलं. माझं बावीस डोक्याला चुकलं, तुझं तीस पोटाला. धाकट्या, मी फार खूश आहे. एकटी हरले असते तर सहन झालं नसतं.

तरी गंमत बाजूला. मी एक प्रश्न विचारते आणि मनापासून विचारते, कारण याचं उत्तर माझ्याकडे नाही. असलं कसलं मॉडेल आहे हे? बाहेर गार वारे सुटलेत. काल आई शेडच्या दाराशी उभी होती, पान्याने तिच्या मागे हातोडा पाडला, दगडावर पडला, आणि ती वळली नाही.

ताई


२८ नोव्हेंबर

धाकट्या,

कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिलेलं तुझं पत्र! आईला दाखवलं. तिने आधी अक्षर तपासलं, मग शिक्का. "कोणाकडून लिहून घेतलं का गं बाई याने?" असं साऱ्या गल्लीला विचारलं.

तू सांगितलंस तसं केलं. इंजिनाच्या डाव्या अंगाला, स्टार्टरच्या वर, रॉकेलचा बोळा फिरवला. इतक्या वर्षांचं वंगण निघालं, काळं, साखरेच्या पाकासारखं. मग तारेचा ब्रश. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली, लहानपणी नाण्यांवर घासायचो तशी. आठवतं? आपण बाबांच्या खिशातली सगळी नाणी कागदावर उतरवायचो आणि दुकान मांडायचो. तू नेहमी दुकानदार, कारण दुकानदाराला बोलावं लागत नाही. मीच भाव करायची, मीच घासाघीस करायची, मीच रागावून निघून जायची.

आकडे उमटले. तसेच सीटखाली, गियरच्या पेटीवरच्या उठावाच्या अक्षरांवर दुसरा कागद घासला. दोन्ही कागद सोबत पाठवते, पण तुला ते लागणार नाहीत, मीच वाचले. इंजिन तीसचं. गियरची पेटी बावीसची. दोघांच्या जन्मात नऊ वर्षांचं अंतर.

आणि तुझी शेवटची ओळ: "दोन्हींच्या मधे काय आहे ते बघ."

बघितलं. मी, या वयात, पोत्यावर उताणी, हातात टॉर्च. पान्या म्हणाला, "ताई, फोटो काढू का? पुढच्या निवडणुकीला उपयोगी पडेल." इंजिनाच्या मागच्या तोंडावर एक जाड लोखंडी चकती बसवली आहे. कारखान्याची नव्हे. हाताने कापलेली आहे, कडेवर कानशीचे ओरखडे आहेत, बारीक, एकाच दिशेने ओढलेले. तिच्या एका बाजूची भोकं इंजिनाशी जुळतात, दुसऱ्या बाजूची गियरच्या पेटीशी. आणि खालच्या कडेला ठोकून काढलेले दोन ठिपके. बाबा आपल्या प्रत्येक हत्यारावर काढायचे तेच. पान्याने मग जुनी क्लच प्लेट धुतली. तिचा घेर तीसचा, मधलं दात्यांचं भोक बावीसचं, आणि दोन्ही रिबिटांनी जोडलेले. तीही त्यांनीच केलेली.

मी पाटी घेऊन आईकडे गेले. लिहिलं, "ट्रॅक्टर दोन होते?"

"दोनच होते की," ती म्हणाली. भाजी निवडत होती, मान वर केली नाही. "एक गंजीच्या आगीत सापडलेला, त्याचं तोंड जळालं होतं. एक खाणीतला, त्याच्या पाठीवर दरड आली. भंगारवाल्याच्या आवारात दोघं शेजारी पडलेले. तुझे बाबा म्हणाले, एकाचं मागचं धड आहे आणि एकाचं पुढचं. मी म्हटलं, मग? म्हणाले, मग काय, आपलंही तसंच आहे की. सगळा उन्हाळा जोडत होते. जॅक मी धरला होता. दोन रंगांचा दिसला तर लोक हसतील, म्हणून फाटकाला आणलेला लाल रंग उरला होता तो फासला."

मी पाटीवर इतक्या जोरात लिहिलं की खडू मोडला: "मग तेव्हा का नाही सांगितलंस? आम्ही भांडत होतो!"

"तुम्ही कुठलं मॉडेल ते विचारत होतात. मला नंबर कुठे माहीत! दोन आहेत का, असं विचारलंत का कोणी? आणि सांगितलं असतं तरी ऐकायला कान कुठे होते तुमचे? तेव्हा माझे चांगले होते, तुमचेच गेले होते."

मी तिथेच बसले, तिच्या शेजारी, आणि भाजी निवडू लागले. मी कायम मडगार्डवर बसायचे. बाबांच्या कोपराला टेकून, ब्रेकच्या पावलांवर त्यांचे बूट बघत. तुझं डोकं कायम बॉनेटखाली, त्यांच्या डोक्याला डोकं लावून. मी बावीसवर वाढले आणि तू तीसवर. त्या दिवशी पायरीवर आपण दोघांनी आपापला अर्धा शपथेवर सांगितला, आणि आपल्याला वाटलं दुसरा बाबांना ओळखतच नाही. ट्रॅक्टरवरून भांडलो असं गाव समजतं. आपल्यालाही तसंच वाटत होतं.

आता अडलंय ते प्लेटपाशी. बावीसची प्लेट मागवली, तीसची आहेच. एकीचा मधला भाग कापून दुसरीत बसवायचा. पान्या म्हणतो, "अंदाजाने करून देतो." मी पाटीवर लिहिलं, "बाबांच्या कामाला अंदाज नाही."

ताई


१४ डिसेंबर

धाकट्या,

मापं पाठव, म्हणतोस. घेर, जाडी, दात्यांची खोली, चकतीच्या भोकांमधलं अंतर. बोटीवर लेथ आहे, तिथेच प्लेट बनवून पार्सलाने धाडीन, म्हणतोस.

मी आयुष्यभर लोकांना समजावत आले. गिरणीच्या मालकाला दोन तासांत वाकवलं. पूर आला तेव्हा अख्खी वस्ती एका भाषणात टेकडीवर चढवली. तुला पायरीवरून परत बोलावण्यासाठी मात्र एक वाक्य सुचलं नव्हतं, आणि आता सुचलंय तर गळ्याला कुलूप आहे.

म्हणून भाषण नाही. मापं पाठवणार नाही.

बाबांची मोजपट्टी त्याच खिळ्याला आहे. कानशीही आहेत, तेल लावून ठेवल्यात. ट्रॅक्टर मधोमध उघडा आहे. आई रोज जाऊन तिथे उभी राहते आणि पान्याला म्हणते, "हा बरा होईपर्यंत झाकू नकोस."

तिचा उजवा कान अजून आहे. थोडा.

मोजायला ये.

ताई


२० फेब्रुवारी

धाकट्या,

तू पोचल्याची तार मिळाली. "पोचलो. पाणी शांत." चार शब्दांवरून तीनवर आलास, पण या वेळी एकही टोमण्याचा नाही. प्रगती आहे.

तू गेल्यावर घर मोठं वाटतं. शेडमध्ये तुझा चहाचा कप राहिला, तळाला लोखंडाचा कीस. मी धुतला नाही. पान्या सगळीकडे सांगत फिरतो, "बोटीवरच्या साहेबाने एका बैठकीत प्लेट कापली, मला रिबिटं धरायला दिली!" त्याला धरायला दिली याचाच अभिमान जास्त. तू चकतीच्या कडेवर हात फिरवत किती वेळ बसला होतास, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. मीही नाही.

आईला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते. दोन्ही कान आता सारखेच आहेत. आईने ऐकलं नाही, वाचलं. मग म्हणाली, "बरं झालं, आता डावीकडून बोलू की उजवीकडून, हा गोंधळ नको." घरी आल्यावर सरळ शेडमध्ये गेली, पान्याला हँडल मारायला लावलं, आणि मडगार्डवर तळहात ठेवून उभी राहिली. इंजिन दुसऱ्या झटक्याला खोकलं तेव्हा म्हणाली, "हं." अगदी तुझ्यासारखं. रोज जाते. एका हाताने मडगार्ड, दुसऱ्याने बॉनेट. कोणत्या अर्ध्याला वाईट वाटू नये म्हणून असेल.

पण ती वेळेत होती, धाकट्या. तू हँडल मारलंस त्या सकाळी तिचा कान होता. तिने डोकं कसं तिरकं केलं, ते तू पाहिलं नाहीस, तू खाली वाकलेला होतास. मी पाहिलं. धूर काळा निघाला, मग पांढरा, मग नाहीसा झाला, आणि आवाज लागला. तो आवाज! दोन यंत्रांचा, एकाच घशातून. आई मोठ्याने म्हणाली, "हाच. बदलला नाही मेला." आणि तिने डोळे मिटून घेतले, जसं कोणी दुधाचा पेला एका दमात पिताना मिटतं.

आता तू विचारलेला प्रश्न. पोचायच्या आधीच, वाटेतल्या स्टेशनवरून टाकलेल्या कार्डात: "ट्रॅक्टर सुरू होता तेव्हा तुझे ओठ हलले. काय म्हणालीस?"

आदल्या दिवशीच डॉक्टरने बंदी उठवली होती. तुम्हाला सांगितलं नव्हतं. पहिलं वाक्य काय बोलायचं, याची मी तयारी केली होती. इतक्या महिन्यांच्या मौनानंतरचं वाक्य, ते काही मीठ संपलं अशा कामी लावायचं नव्हतं. बाबांवर बोलणार होते, जोडण्यावर, माणसाच्या हातावर. सभेत उभी राहिले असते तर लोक रडले असते, असं सजवलं होतं.

आणि मग तू हँडल सोडून उभा राहिलास. तोंडावर तेल, कपाळावर ओरखडा, आणि हसत होतास. बाबा प्लेट बसली की जसे हसायचे. मी सगळं भाषण विसरले. त्या धडधडाटात जे तोंडातून निघालं ते मला स्वतःलाही ऐकू आलं नाही.

आईला कळलं. ती हल्ली ओठ वाचते. माझ्याकडे बघून इतकी हसली की तिला मडगार्डचा आधार घ्यावा लागला. तू गेल्यावर तिने विचारलं, "त्याला सांगू का?" मी म्हटलं, नको, मी लिहीन.

मी म्हणाले होते, "तुझंच बरोबर होतं."

घे. आता कागदावर आहे, शाईने आहे, आणि खोडाखोड मी करत नाही. पुढच्या सुट्टीला येशील तेव्हा चौकट करून भिंतीवर लाव, माझी हरकत नाही.

पुढच्या सुट्टीला ये.

ताई

ता. क. मागचा अर्धा बावीसच आहे.